मोकाट गोधन : अभयदान की अन्नपाननिरोध?

'गाय सोडली' हा शब्दप्रयोग आपण व्यवहारात सहज करतो. परंतु सोडणे या क्रियापदाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक मुक्त करणे व दुसरा टाकून देणे. दाव्यातून सुटलेल्या जनावरास आपण मुक्त केले की टाकून दिले, याचा निर्णय केवळ दावे सुटण्याने होत नाही. पुढे त्याच्या चाऱ्यापाण्याची तजवीज कोणी केली, यावरून तो होतो. या दोन अर्थांतील अंतराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आम्ही पशुवैद्य नाही, पंडितही नाही. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झालेले व धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य घालविलेले आम्ही एक व्यापारी आहोत. तथापि धान्य, भुसा व गाय या तिन्हींचा संबंध इतका निकटचा आहे, की या विषयावर व्यापाऱ्याने मौन धरणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

गोवंशाचे मूळ

आपली गाय मूळची रानातीलच. सातपुड्याच्या जंगलात आढळणारा गवा हा मात्र तिचा पूर्वज नव्हे. ती जात निराळी. भारतीय वशिंडाच्या गाईचा पूर्वज असलेला रानबैल आज पृथ्वीवर नाही. त्याच्या अस्थी नर्मदेच्या खोऱ्यात सापडल्या, म्हणून १८५९ साली फॉकनर या शास्त्रज्ञाने त्यास 'नमाडिकस' म्हणजे नर्मदेचा असे नाव दिले. भोपाळच्या दक्षिणेस काही कोसांवर वाहणाऱ्या नर्मदेचे नाव अशा रीतीने गोवंशाच्या कुळाशी कायमचे जोडले गेले आहे. युरोपातील त्याचा भाऊबंद पोलंडच्या जंगलात टिकून होता. त्यातील शेवटची गाय १६२७ साली मेली. त्यानंतर जगात मूळचा रानटी गोवंश उरला नाही.

सिंधूच्या पश्चिमेस मेहरगढ येथे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी मनुष्याने वशिंडाची गाय माणसाळविली असे उत्खननावरून दिसते. त्या दिवसापासून मनुष्य व गाय यांच्यात एक अलिखित करार झाला. गाईने दूध, बैल व शेण द्यावे. मनुष्याने वैरण, पाणी व निवारा द्यावा. आज रस्त्यावर दिसणारी गाय ही या करारातील एका पक्षाने आपला भाग पाळणे बंद केल्याचा पुरावा होय.

मोकाट गुरांचे तीन वर्ग

सर्वच मोकाट गुरे एका प्रकारची नसतात. पहिल्या वर्गातील गाईस मालक असतो. तो सकाळसायंकाळ धार काढतो व मधल्या वेळात गाईस शहराच्या स्वाधीन करतो. दुसऱ्या वर्गात भाकड गाई, म्हातारे बैल व नर वासरे येतात. त्यांना मालक होता, आता नाही. तिसरा वर्ग या दुसऱ्यांच्या पोटी रस्त्यावर किंवा माळावर जन्मलेल्यांचा. त्यांच्या गळ्यात दावे कधी पडलेच नाही. खऱ्या अर्थाने रानवट म्हणावयाचे ते यांनाच.

या तिसऱ्या वर्गाची रीत पाहण्याजोगी असते. गाई व वासरे कळप करून राहतात. वयात आलेले वळू बहुधा एकटे किंवा आपसांत टोळी करून फिरतात. व्यालेली गाय पहिले काही दिवस वासरू गवतात किंवा झुडपात दडवून ठेवते व फक्त पाजण्यापुरती परत येते. मनुष्य दिसताच असा कळप दुरूनच पळ काढतो. दिवसा आडोशास बसावयाचे व रात्री पिकात उतरावयाचे, हेही तो लवकर शिकतो. हजारो वर्षांत अंगवळणी पडलेला माणसाळलेपणा थोड्याच पिढ्यांत किती पातळ होतो, हे यावरून कळते.

रानात गाय सुखाने जगते काय?

कित्येक सद्भावी गृहस्थ म्हणतात, 'गाय सोडली तर काय बिघडले? निसर्ग तिला पोशील.' या विधानाची परीक्षा जगातील काही उदाहरणांवर करून पाहू.

गाय मनुष्याविना जगू शकते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. डॉ. जर्डन यांनी १८६७ च्या आपल्या ग्रंथात नेल्लोरजवळच्या समुद्रकाठी रानटी झालेल्या गुरांचा उल्लेख केला आहे. हिंदी महासागरातील ॲमस्टरडॅम बेटावर १८७१ साली एका वसाहतवाल्याने पाच गुरे नेली व काही महिन्यांतच तो त्यांना तेथे टाकून निघून आला. त्या पाचांची १९८८ पर्यंत सुमारे दोन हजार झाली. परंतु त्यांच्या चरण्याने तेथील दुर्मीळ झाडे व पक्षी नष्ट होऊ लागले, म्हणून २०१० पर्यंत त्या कळपाचा समूळ उच्छेद करण्यात आला.

इंग्लंडमधील चिलिंगहॅम येथे पांढऱ्या गुरांचा एक कळप शतकानुशतके कुंपणाच्या आत, परंतु मनुष्याच्या हस्ताशिवाय राहत आला आहे. १९४७ च्या कडक हिवाळ्यात त्यातील ८ गाई व ५ बैल एवढेच वाचले. पुढे तो कळप शंभरावर गेला, ही गोष्ट खरी. पण त्या एका हिवाळ्यात निसर्गाने किती निर्दयपणे हिशेब चुकता केला, तेही विसरता येत नाही.

तिसरे उदाहरण हॉलंडचे. ऊस्टफार्डर्सप्लासन या राखीव प्रदेशात १९८३ पासून गुरे व पुढे घोडे आणि हरणे सोडण्यात आली व निसर्गात ढवळाढवळ करावयाची नाही असे तत्त्व ठरले. भोवती कुंपण असल्याने कळपास अन्यत्र जाता येत नव्हते. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तेथील तीन हजारांहून अधिक जनावरे गेली. त्यांतील बहुसंख्य उपासमारीने मरणार हे दिसताच गोळी घालून मारण्यात आली. तेव्हा सामान्य नागरिक कुंपणावरून गवताच्या पेंढ्या आत फेकू लागले. ज्या देशात मांसाहार सर्रास चालतो, तेथील लोकांनाही उपाशी गाय पाहवली नाही, ही गोष्ट आपण अहिंसाधर्मी म्हणविणाऱ्यांनी मनाशी नोंदवून ठेवावी.

तात्पर्य, जेथे विस्तीर्ण माळ, पाणी व मोकळी वाट आहे तेथे गाय जगते. जेथे वाट बंद आहे तेथे ती मरते. भोपाळभोवती माळ उरलेला नाही. एका बाजूस पीक, दुसऱ्या बाजूस वसाहत, मध्ये डांबरी रस्ता. पावसाळ्यात ओल्या चिखलापेक्षा रस्ता कोरडा असतो व माश्यांचा त्रासही तेथे कमी, म्हणून गुरे रात्री रस्त्यावरच बसतात. मग वाहनाखाली गाय जाते आणि कित्येकदा वाहनावरील मनुष्यही जातो. केरवा व कलियासोतकडच्या जंगलात शिरलेली गुरे वाघाच्या तोंडी पडतात. वाघाचा तो धर्मच आहे. त्याला दोष नाही. दोष असलाच तर ज्याने गाय तेथवर जाऊ दिली त्याचा.

हे का घडले?

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ५० लाखांहून अधिक गुरे मोकाट आढळली. त्यांपैकी मध्य प्रदेशात सुमारे ८ लाख ५३ हजार होती. राजस्थान व उत्तर प्रदेश यांच्या खालोखाल हा आकडा. २०१२ च्या गणनेत आपल्या प्रांतात ही संख्या सुमारे ४ लाख ३८ हजार होती. सात वर्षांत ती जवळजवळ दुप्पट झाली.

पहिले कारण ट्रॅक्टर. बैलाचे काम गेले तसे नर वासराचे मोलही गेले. दुसरे कारण गायरानाचा लोप. माळव्यात पूर्वी काळ्या जमिनी पावसाळ्यात पडीक ठेवून हिवाळ्यात गहू-हरभरा घेत. त्या पडीक रानात गुरे चरत. १९७० नंतर सोयाबीन आले व पावसाळ्यातील ते रानही पिकाखाली गेले. शेतकऱ्यास यातून चार पैसे मिळाले, याबद्दल आनंदच आहे. परंतु गाईचे चार महिन्यांचे कुरण त्यात गेले, ही नोंद खर्चाच्या बाजूस कोणी केली नाही. बुंदेलखंडात रब्बीची कापणी झाल्यावर गुरे मोकळी सोडण्याची 'अन्ना' नावाची जुनी प्रथा आहे. पेरणीच्या वेळी ती परत बांधली जात. आता परत बांधणारा उरला नाही, त्यामुळे उन्हाळ्यापुरती असलेली प्रथा बारमाही झाली.

तिसरे कारण यांत्रिक कापणी. हार्वेस्टर धान्य घेऊन जातो व काड शेतातच राहते. त्यास इकडे नरवाई म्हणतात. पुढच्या पेरणीची घाई असलेला शेतकरी तिला काडी लावतो. एका हेक्टरात ३५ क्विंटल गहू आला, तर निदान तितकेच काड व भुसा निघतो. आणि एका मध्यम गाईस वर्षास कोरडे खाद्य लागते ते सुमारे २९ क्विंटल. म्हणजे एका हेक्टराच्या नरवाईस लावलेली काडी ही एका गाईच्या वर्षाच्या वैरणीस लावलेली काडी होय.

कायद्याचा विचारही येथे करावा. १८७१ च्या गुरे-अतिक्रमण कायद्याने कोंडवाडे निर्माण झाले. दंड भरून मालकाने जनावर सोडवावे, न सोडविल्यास लिलाव व्हावा, अशी त्याची रचना होती. ज्या काळी जनावरास किंमत होती त्या काळी ती चालली. भाकड गाईच्या लिलावास बोली लावणारा आज नाही. आपल्या प्रांतात १९५९ चा व पुढे २००४ चा गोवंशरक्षणाचा कायदा झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कायदा सुरी थांबवू शकतो. तो गव्हाणीत वैरण टाकू शकत नाही. ते काम समाजाचे आहे.

धान्यबाजार आणि गाय

आता आपल्या घरचा विचार करू. हनुमानगंज असो वा करोंदची मंडी असो, धान्याच्या बाजारात गुरे येतातच. पुष्कळ व्यापारी दयाबुद्धीने त्यांच्यापुढे गव्हाचे घमेले ओततात. हे पुण्यकर्म आहे असा समज आहे, म्हणून स्पष्ट लिहितो : रिकाम्या पोटी भरपूर धान्य हे गाईस विष होय. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात गवत आंबविणारे सूक्ष्म जीव राहतात. एकदम पिष्टमय धान्य आले की तेथे आम्ल वाढते, ते जीव मरतात, शरीरातील पाणी पोटात ओढले जाते व गाय एकदोन दिवसांत बसते ती उठत नाही. उपचार वेळेवर झाला तरच ती वाचते. ज्यास खाऊ घालावयाचे असेल त्याने भुसा अथवा हिरवा चारा घालावा. धान्य घालणे झाले तर मूठभरच.

दुसरी गोष्ट गोदामाच्या केराची. कीड मारण्यासाठी आपण अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतो. त्यांची उरलेली राखाडी भुकटी झाडणात मिसळून दाराबाहेर गेली, तर गुरे ते झाडण चाटतात. ती भुकटी गोळ्यांसोबतच्या सूचनेप्रमाणे निकामी करून पुरली पाहिजे. तिसरी गोष्ट सुतळी, पोत्यांचे तुकडे, तारा व तुटलेले दाभण यांची. गाय दाताने निवडून खात नाही. जिभेने ओढून गिळते. दाभणाचे टोक पोटाच्या दुसऱ्या कप्प्यातून थेट हृदयाच्या आवरणापर्यंत जाऊ शकते. प्लॅस्टिकच्या पिशव्या पोटात साठून तिची भूकच मारतात. आपल्या प्रांतात अशा पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे. पण बाजाराचा उकिरडा पाहिला असता ती बंदी कागदावर अधिक व व्यवहारात कमी असल्याचे दिसते.

शास्त्राची दृष्टी

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो : जखडून बांधणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे. या पाचव्यास अन्नपाननिरोध म्हणतात. पहिल्या चारांविषयी आपण सावध असतो. पाचव्याकडे आपले लक्ष नसते. जे जनावर आपल्या आश्रयावर जगले, त्यास दूध आटताच दाराबाहेर काढणे, हा अन्नपाननिरोध नव्हे तर काय? हात उगारला नाही, म्हणून तो अतिचार होत नाही असे मानणे ही पळवाट आहे.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा सर्वांस परिचित आहे. त्याच्यापाशी प्रत्येकी दहा हजार गाईंची चार गोकुळे होती आणि व्रत घेताना त्याने तेवढ्यावरच मर्यादा घातली. आमच्या अल्पमतीस या कथेत एक व्यावहारिक बोध दिसतो. जितके पोसता येईल तितकेच गोधन ठेवावे व जितके ठेविले तितके शेवटपर्यंत पोसावे.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. मोकाट गुरांची उत्पत्ती आवरावी कशी? २०२१ साली आपल्या प्रांतात निकृष्ट वळूंच्या खच्चीकरणाची मोहीम निघाली. विरोध होताच ती मागे घेण्यात आली. शासनाचे पशुतज्ज्ञ ती आवश्यक मानत होते, तर अनेकांना ती क्रूर वाटली. अवयवछेदाचा अतिचार मानणाऱ्या श्रावकास ही गोष्ट सहज पचणार नाही. तथापि न आवरलेल्या उत्पत्तीतून जी वासरे उपाशी मरतात, त्यांचा भारही कोणावर तरी येतोच. सुदैवाने विज्ञानाने एक सौम्य मार्ग दाखविला आहे. लिंगनिवड केलेल्या वीर्याने रेतन केल्यास शंभरात सुमारे नव्वद कालवडीच होतात. आपल्याच भोपाळात भदभदा येथील शासकीय वीर्य केंद्रात हे काम चालते. जे नर वासरू पुढे टाकलेच जाणार, ते जन्मासच न येणे हे सर्वांत कमी हिंसेचे होय, असे आमचे मत आहे.

पांजरपोळाचा हिशेब

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न भावनेवर सोडला नव्हता. १८३४ साली मुंबईत शेठ मोतीचंद अमीचंद व सर जमशेटजी जीजीभाई या एका जैन व एका पारशी व्यापाऱ्याने पांजरपोळ स्थापिला. तो चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी कापूस, साखर आदी मालावर स्वखुशीने लागा बसविला. दान आले तर गाय जेवेल, असे त्यांनी म्हटले नाही. माल हलला की गाय जेवेल, अशी व्यवस्था केली. नित्याच्या पोटास नित्याचे उत्पन्न जोडणे, हेच त्या संस्थेचे मर्म.

तोच हिशेब आज मांडून पाहू. गोशाळेतील जनावरामागे शासनाचे अनुदान दिवसास २० रुपये होते. ते २०२५ साली ४० रुपये करण्याचे ठरले. ४० रुपयांप्रमाणे एका जनावरास वर्षास १४,६०० रुपये लागतात. साडेआठ लाख जनावरांस ही रक्कम सुमारे १,२४५ कोटी होते. आता आपण क्विंटलमागे एक रुपया लागा बसविला, तर १४,६०० क्विंटलांच्या उलाढालीवर एक गाय पोसली जाईल. प्रांतात गहू पिकतो सुमारे दोन कोटी टन, म्हणजे वीस कोटी क्विंटल. त्या साऱ्यावर लागा मिळाला तरी वीस कोटी रुपये जमतील व त्यांत तेरा-चौदा हजार जनावरांची सोय होईल. लाखांचे दुखणे हजारांच्या औषधाने बरे होत नाही. व्यापाऱ्याने दानाविषयीही खोटी जमा धरू नये, म्हणून हे आकडे दिले.

यावरून लागा निरुपयोगी ठरतो काय? मुळीच नाही. तेरा हजार जीव म्हणजे तेरा हजार जीवच. परंतु केवळ रुपयाने हा प्रश्न सुटणार नाही. वैरण जमविणे व टाकून देणे थांबविणे या दोन गोष्टींनीच तो सुटेल. साडेआठ लाख जनावरांस वर्षास सुमारे २५ लाख टन खाद्य लागते. गव्हाचे काड प्रांतात याच्या कितीतरी पट निघते. पाळीव गुरांनाही त्यातूनच खावे लागते, हे मान्य. तरी जे जळते ते कोणाच्याच पोटी जात नाही.

मोठ्या व्यवस्थेचे प्रयत्नही झाले आहेत. आगर-माळवा जिल्ह्यात सालरिया येथे ४७२ हेक्टरांचे गो-अभयारण्य २०१७ साली सुरू झाले. ग्वाल्हेरच्या लाल टिपारा गोशाळेत शेणापासून वायू तयार करण्याचा कारखाना २ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाला. दररोज १०० टन शेण घेऊन २ ते ३ टन इंधनवायू देण्याची त्याची शक्ती आहे. भाकड गाय दूध देत नसली तरी शेण देते आणि त्या शेणास आता बाजार मिळू लागला आहे. व्यापाऱ्यास यात पुढचा मार्ग दिसावयास हरकत नाही.

आपण काय करावे?

प्रथम, आपापल्या दुकानापुढील गुरांना धान्य घालणे बंद करून भुसा व पाणी ठेवावे, आणि झाडण, सुतळी, दाभण व औषधाची भुकटी यांची विल्हेवाट बंदिस्त ठेवावी. यास पैसा लागत नाही, शिस्त लागते.

दुसरे, चैत्र-वैशाखात भुसा स्वस्त असताना मंडळाने तो एकत्र खरेदी करून गोशाळांसाठी साठवावा. हार्वेस्टर गेल्यावर नरवाईचा भुसा करणारे यंत्र मिळते. ज्या शेतकऱ्यांचा माल आपण घेतो, त्यांच्या शेतावर हंगामात असे यंत्र पोहोचविण्याची व्यवस्था अडत्यांस कठीण नाही. या यंत्राने निम्मेच काड हाती आले, तरी दोन हेक्टरांत एका जनावराचे वर्ष बरेचसे निभते. नुसत्या भुशावर जनावर पुष्ट होत नाही, हे खरे. त्यासाठी शंभर किलो भुशास चार किलो युरिया पाण्यात विरघळवून, तो शिंपडून तीन आठवडे झाकून ठेवण्याची रीत पशुवैद्य शिकवितात. त्यांच्या देखरेखीनेच ती करावी.

तिसरे, लागा सुरू करावा. रक्कम अल्प असो, पण ती बिलात दिसावी व तिचा जमाखर्च दरवर्षी याच स्मरणिकेत छापावा. चौथे, ज्या बंधूंच्या घरी किंवा शेतावर गाई आहेत, त्यांनी भाकड गाय न सोडण्याचा नियम घ्यावा. ज्याच्याने तो पाळवत नसेल, त्याने वार्षिक वैरणीच्या खर्चासह गाय गोशाळेत पोहोचवावी. रिकाम्या हाताने नव्हे.

अभयदान हे सर्व दानांत श्रेष्ठ मानले आहे. ते एक दिवस देऊन संपत नाही. गाय जगेल तितकी वर्षे ते रोज द्यावे लागते. आपल्या खतावणीत जसे भाडे, हमाली व व्याज दरमहा खर्ची पडतात, तसे हेही खाते दरमहा खर्ची पडले पाहिजे. ज्या वर्षी ते कोरे राहिले, त्या वर्षी नफा कितीही दिसो, ताळेबंद जुळला असे आम्ही म्हणणार नाही.